हवा आधी, ज्योत नंतर



या पानावर मी नेहमी साखर, रक्तदाब, गुडघे आणि गोळ्यांच्या वेळा यांबद्दल लिहिते. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यातल्या काहीजणी, आणि एकदोघे पुरुषसुद्धा, मतनासच्या वर्गात काचेचे मणी करायला शिकले. तिथून तो छंद घरी आला. लहानसा बर्नर, गॅस, रंगीत काचेच्या कांड्या, मातीचा लेप दिलेली पोलादी सळई एवढे सामान असले की घरच्या टेबलावर मणी होतो. कांडी ज्योतीत वितळवायची, सळईवर गुंडाळायची, सळई फिरवत ठेवायची. मणी गोल झाला की भट्टीत हळूहळू गार करायचा.

छंद सुंदर आहे. तो बंद करा असे सांगायला मी बसलेली नाही. माझे मत एवढेच आहे की ज्या खोलीत वाईट हवा बाहेर जायला एक वाट आणि चांगली हवा आत यायला दुसरी वाट नाही, त्या खोलीत ही ज्योत पेटवू नये. आणि ममादमध्ये तर कधीच नाही. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. माझ्या घरच्या माणसावर वेळ आली आणि आयुष्यभर नर्स म्हणून काम करूनही मला ती वेळेवर ओळखता आली नाही, म्हणून लिहिते.

माझ्या नणंदबाई, त्यांना मी वन्सं म्हणते, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. मुले चांगली आहेत, पण आपापल्या गावी. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मणी करायला घेतले. नातीची मेहंदी ठरली होती आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने हिरव्या मण्यांची माळ करायची असे त्यांच्या मनात होते. आमच्या लग्नांच्या वेळी कासार घरी येऊन हातभर काचेच्या बांगड्या भरायचा. इथे कासार कुठला? म्हणून काच आपणच करायची. मला ती कल्पना फार आवडली.

बर्नर कुठे मांडायचा, यावर त्यांनी विचार केला होता. "वहिनी, ममादच्या भिंती सिमेंटच्या. आग लागली तरी घर जळायचं नाही." ऐकायला बरोबर वाटते. मीही मान डोलावली. दुपारी जेवण झाले की त्या दोन-तीन तास तिथे बसत. ज्योत हलू नये म्हणून दार बंद. थंडी म्हणून खिडकीची काच बोटभर उघडी. आणि सायरनच्या दिवसांची सवय लागलेली, म्हणून बाहेरचे लोखंडी झडपही अर्धे ओढलेले.

महिन्याभरात त्यांचे डोके दुखायला लागले. संध्याकाळी जड व्हायचे, कधी मळमळ, कधी पायात ताकद नाही. कुपात खोलीममध्ये दाखवले, रक्तदाब थोडा वर होता, गोळी वाढली. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र पर्समधून काढले. ऑक्सिजन ९८. मी म्हणाले, "वन्सं, छाती उत्तम आहे, काळजी करू नका." हे वाक्य मला अजून टोचते.

त्या एकदा सहज म्हणाल्या, "शब्बाथच्या दिवशी बघ मला कसं हलकं वाटतं. देवाचा दिवस आहे ना!" मी हसले. विश्रांती मिळते, मुलांचे फोन येतात, म्हणून बरे वाटत असेल, असे मी धरले. पुढचे गणित मी केले नाही. शुक्रवारी स्वयंपाकाची गडबड असल्यामुळे त्या बर्नर पेटवत नसत. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत तर ज्योत पेटवायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे दोन दिवस ज्योत नाही, दोन दिवस डोके शांत. रविवारी दुपारी ज्योत, रविवारी संध्याकाळी डोके. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा थांबायचा. वन्संचा घाणा शनिवारी थांबत होता आणि त्यांचे शरीर मला स्पष्ट सांगत होते की आजार त्या घाण्यात आहे. मी ऐकले नाही.

कळले ते योगायोगाने. एका सोमवारी मी त्यांच्याजवळ ममादमध्ये गप्पा मारत बसले. तासाभरात माझेच कपाळ ठणकू लागले, पोटात ढवळले. माझे डोके सहसा दुखत नाही. दोन माणसे, एक खोली, एकच त्रास. तेव्हा कुठे माझ्यातली नर्स जागी झाली. गॅस बंद केला, दार-खिडकी सताड उघडली, वन्संना बाहेर अंगणात बसवले आणि १०१ ला फोन केला. रुग्णालयात रक्त तपासले. त्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला. त्यांना मास्कने ऑक्सिजन दिला आणि रात्रभर ठेवून घेतले. आज त्या ठणठणीत आहेत. पण त्यांचे हृदय आधीच कमजोर असते, किंवा मी त्या सोमवारी गेले नसते, तर हा लेख मी वेगळ्या कारणाने लिहिला असता.

आता त्या खोलीत काय घडत होते ते सांगते.

गॅस पूर्ण जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. ज्योतीत गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला बसायला जागा उरत नाही. मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. लक्षणे फ्लूसारखी: डोके, मळमळ, थकवा, गोंधळ. फक्त ताप नसतो. ज्यांना अँजायना आहे त्यांच्या छातीत थोड्या वायूनेही कळ येऊ शकते.

बोटाचे यंत्र का फसले? ते यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज करते. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेले रक्त, दोन्ही त्याला सारखेच लाल दिसतात. म्हणून माणूस आतून गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकते. बाकीच्या कामांना ते यंत्र चांगले आहे, पण या एका बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवू नका. यासाठी रक्ताचीच वेगळी तपासणी लागते आणि तीही लवकर. साध्या हवेत चार-पाच तासांत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे होते. म्हणून "उद्या सकाळी दाखवू" म्हणालात तर उद्या रक्त स्वच्छ दिसेल आणि डॉक्टर पुन्हा वयाला दोष देतील.

दुसरा वायू नायट्रोजन डायऑक्साइड. बर्नरला ऑक्सिजन जोडला की ज्योत फार तापते आणि त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन तो बनतो. म्हणजे ज्योत जितकी चांगली पेटवाल तितका हा जास्त. पहिला वायू कमी ऑक्सिजनमुळे होतो, दुसरा कडक ज्योतीमुळे, म्हणून नुसती ज्योत नीट लावून दोन्हींतून सुटका नाही. नायट्रोजन डायऑक्साइडची खोड अशी की तो पाण्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे नाक-घशात फारसा न झोंबता तो फुप्फुसांत खोलवर जातो. त्या वेळी थोडा खोकला येतो आणि थांबतो. जास्त गेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरून दम लागू शकतो. म्हणून काचकाम केलेल्या रात्री धाप लागली तर डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा: "मी आज ज्योतीवर काम केलं होतं." हे वाक्य आपण सांगितले नाही तर त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.

तिसरी गोष्ट धातूंची वाफ. लाल, नारिंगी आणि पिवळ्या रंगांच्या पुष्कळ काचांत कॅडमियम असते, काही काचांत आणि मीन्याच्या भुकटीत शिसे असते. काचेच्या आत ते बांधलेले असते, पण काच उकळेपर्यंत तापवली किंवा रंगाची भुकटी ज्योतीत टाकली की ते सुटते. काहीजण मण्यावर चमक आणण्यासाठी चांदीची वाफ देतात. ती वाफ मण्यावर जेवढी बसते, त्याहून जास्त हवेत जाते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा तार ज्योतीजवळ ठेवू नका. तापलेल्या जस्ताच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, सकाळी उतरतो, आणि माणूस म्हणतो सर्दी झाली होती.

चौथी गोष्ट धूळ. सळईवरचा मातीचा लेप वाळला की त्याची धूळ उडते आणि तिच्यात सिलिका असू शकते. मणी सळईवरून काढून साफ करायचा तो पाण्यात बुडवून, कोरडा खरवडून नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडूने झाडू नका. काहीजण भट्टी नसल्यामुळे गरम मणी व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून गार करतात. कुणाकडे बागकामातले जुने पोते पडून असेल तर ते वापरू नका. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लिबी या गावच्या खाणीतून पूर्वी जगभर व्हर्मिक्युलाइट जायचे आणि त्यात अॅस्बेस्टॉस मिसळलेले होते. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण जुन्या पोत्यावर काय लिहिले आहे यावर मी माझी फुप्फुसे सोपवणार नाही.

मला लोक विचारतात, "स्वयंपाकघरातही गॅस जळतो, मग तिथे काही होत नाही, इथेच कसं होतं?" प्रश्न योग्य आहे. स्वयंपाकघर बहुधा दिवाणखान्याला उघडे असते, ज्योत ऑक्सिजन जोडून भडकवलेली नसते, आणि आपण फोडणीवर नाक धरून तीन तास बसत नाही. मणी करताना तोंड ज्योतीपासून हातभर अंतरावर असते आणि नजर हलवता येत नाही. शिवाय स्वयंपाकघराच्या गॅसनेही हवा बिघडते, तिथेही खिडकी उघडायला हवीच.

माझी आजी अलिबागकडच्या खेड्यात राहायची. चुलीपुढे तिचे आयुष्य गेले. तिने विडी कधी ओढली नाही, पण शेवटची दहा वर्षे ती खोकत होती. मुंबईत नर्सिंग शिकताना तशा कितीतरी बायका मी वॉर्डात पाहिल्या. छाती विडी ओढणाऱ्या पुरुषासारखी आणि दोष फक्त चुलीचा. तरी आजीच्या घराला कौले होती. धूर कौलांच्या फटींतून जायचा, परसदार दिवसभर उघडे असायचे. सकाळी रस्त्यावरून पाहिले की प्रत्येक छपरातून धूर निघताना दिसायचा. गरिबाच्या त्या झोपडीला जेवढी वाट होती, तेवढीही ममादला नाही.

आणि कशी असेल? १९९१ च्या आखाती युद्धात आपण दारांना चिकटपट्ट्या लावून मास्क घालून बसलो होतो, आठवते ना? त्यानंतर नव्या घरांत ममाद सक्तीचा झाला. बाहेरची हवा आत येऊ नये, हाही तो बांधण्यामागचा एक हेतू. जी खोली बाहेरचे विष आत येऊ देत नाही ती आतले विष बाहेरही जाऊ देत नाही. नव्या ममादांत हवा गाळून आत घेणारे यंत्र असते, पण ते बाहेरची हवा गाळण्यासाठी आहे, टेबलावरचा धूर ओढण्यासाठी नाही. "मग भिंतीला भोक पाडून पंखा बसवू," असे वन्संचा मुलगा म्हणाला. तेही चालत नाही. ममादच्या भिंतीत होमफ्रंट कमांडच्या परवानगीशिवाय फोडतोड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आता विचार करा, दुपारी तुम्ही दोन तास मणी केले, भट्टी अजून गरम आहे, गॅसची बाटली कोपऱ्यात आहे आणि सायरन झाला. नातवंडांना घेऊन तुम्ही कुठे जाणार? त्याच खोलीत. आणि दार, झडप घट्ट लावून बसणार. जीव वाचवायची एकच खोली घरात आहे, ती कशाचीही कार्यशाळा करू नका.

मग चांगली सोय कशी असते? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, धूर तोंडापर्यंत यायच्या आधी ओढला गेला पाहिजे. म्हणून हूड ज्योतीच्या मागे आणि थोडा वर हवा, तुमच्या डोक्यावर नको. डोक्यावर हूड असेल तर धूर तुमच्या नाकावरूनच वर जातो. छताचा पंखा धूर फक्त ढवळतो. पाठीमागून जोरात लावलेला टेबलफॅन ज्योत हलवतो आणि धूर घरभर पसरवतो. स्वयंपाकघरातले काही हूड कोळशाच्या जाळीतून हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. त्यांचा इथे उपयोग नाही, कारण त्या जाळीत कार्बन मोनॉक्साइड अडकत नाही. हवा धातूच्या, आखूड, शक्य तितक्या सरळ नळीतून घराबाहेरच गेली पाहिजे. आणि शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नाही.

दुसरी, पंख्यात पुरेसा दम हवा. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत गेली पाहिजे, असा कामचलाऊ हिशेब धरतात. हूडचे तोंड साठ सेंटिमीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद असेल तर तासाला साधारण साडेसहाशे घनमीटर हवा ओढणारा पंखा लागतो. न्हाणीघरातला लहान पंखा शंभरएक घनमीटर ओढतो. म्हणजे "पंखा आहे की!" एवढे म्हणून भागत नाही, किती ओढतो ते डब्यावर वाचा.

तिसरी, आणि हीच सगळे विसरतात: जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत आली पाहिजे. नऊ-दहा चौरस मीटरच्या खोलीत पंचवीस घनमीटर हवा असते. तो पंखा ती सगळी दोन-अडीच मिनिटांत बाहेर फेकेल. नवी हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो, हवा हलत नाही. बाटलीच्या तोंडाला तोंड लावून ओढून पाहा, थोड्या वेळाने काहीच येत नाही, तसेच. म्हणून तुमच्या पाठीमागची खिडकी किंवा दार उघडे हवे. स्वच्छ हवा पाठीमागून यावी, तुमच्याजवळून पुढे जावी आणि ज्योतीचा धूर घेऊन हूडमध्ये शिरावी. तपासायला एक उदबत्ती पुरे. बर्नर बंद ठेवा, पंखा लावा, उदबत्ती बर्नरच्या जागी धरा. धूर सरळ हूडमध्ये गेला तर ठीक. तुमच्या तोंडाकडे वळला किंवा जागीच घोटाळला, तर त्या दिवशी मणी नाहीत.

हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून थंडी वाजेल, हे खरे आहे. स्वेटर घाला, किंवा पेसाखनंतर बर्नर काढा. नातीची माळ दोन महिने उशिरा झाली म्हणून कुणाचे लग्न मोडत नाही.

मास्कबद्दल. करोनाचे निळे मास्क अजून प्रत्येकाच्या कपाटात आहेत. ते या वायूंना अडवत नाहीत. धुळीचा जाड मास्क धुळीपुरता बरा, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही आरपार जातो. मास्क लावला म्हणून खिडकी लावून घेणे, हा सगळ्यात वाईट सौदा.

घंटी मात्र जरूर घ्या. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारे यंत्र फार महाग नसते. धुराची घंटी वेगळी आणि ही वेगळी, विकत घेताना विचारून घ्या. ती आपण बसतो त्या खोलीत, बसल्यावर नाक जिथे येते साधारण त्या उंचीवर लावा. मागे लिहिलेली मुदत पाहा, आतला भाग काही वर्षांनी निकामी होतो. आणि ज्यांना ऐकू कमी येते त्यांनी ती दुकानातच वाजवून पाहावी. एक लक्षात ठेवा, ही घंटी फक्त एका वायूची आहे. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ती वाजणार नाही. तिथे हवेची वाट हाच उपाय.

गॅसची बाटली घरात ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि आपल्या वयात नाक पूर्वीसारखे तिखट राहत नाही. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, बाटलीचा झडप बंद करून बाहेर पडा आणि १०२ ला फोन करा. वन्संच्या बर्नरला जोडलेले ऑक्सिजनचे यंत्र पाहून मला तर गंमत आणि धडकी दोन्ही वाटली. दम्याच्या म्हाताऱ्या रुग्णाला घरी देतात तेच यंत्र, जुन्या बाजारातून आणलेले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्यात दुसरे सगळे भराभर जळते. आपण केसांना खोबरेल लावतो आणि तेच हात सगळीकडे पुसतो. ऑक्सिजनच्या नळीला, जोडाला तेलाचा हात लावायचा नाही. कामाला बसताना केस बांधा, हात साबणाने धुवा, ओढणी-साडीचा पदर सुती आणि खोचलेला असू द्या.

डोळ्यांसाठी काचकामाचा खास चष्मा येतो, तो ज्योतीतला पिवळा झगमगाट कापतो. वाचायचा चष्मा ते करत नाही. पूर्वी भट्टीपुढे काम करणाऱ्या काचकामगारांना उष्णतेने मोतीबिंदू व्हायचा, हे आमच्या पाठ्यपुस्तकातही होते. आपले डोळे आधीच एकदा डॉक्टरांच्या हाताखालून गेले आहेत, त्यांना जपा.

ज्यांना दमा आहे, फुप्फुसे कमजोर आहेत, अँजायना आहे किंवा जे घरी ऑक्सिजनवर आहेत त्यांनी घरी हा छंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी वरच्या तिन्ही गोष्टी जमत असतील तरच करावा. ज्यांना जमत नाहीत, आणि फ्लॅटमध्ये बहुतेकांना जमणार नाहीत, त्यांनी मतनासच्या कार्यशाळेत जाऊन करावा. पण तिथेही उदबत्ती घेऊन जा. लाजू नका. वर्ग कितीही मोठा असला तरी हूड कुठे आहे, हवा कुठून येते, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. वन्संना पहिल्या दिवशी रंग शिकवले, दुसऱ्या दिवशी ठिपके, तिसऱ्या दिवशी फुले. हवेबद्दल एवढेच सांगितले की "खिडकी उघडी ठेवा". सत्तरीच्या बाईला बर्नर विकताना तो कुठे मांडणार, एवढे विचारायला एक मिनिट लागते. पहिला धडा हवेचा हवा आणि तो आल्याशिवाय ज्योत पेटवू देऊ नये. आम्ही नर्सना इंजेक्शन शिकवायच्या आधी हात धुवायला शिकवायचो. त्यात कुणाचा उत्साह मावळला नाही.

मुलांनाही दोन शब्द. हा प्रकार झाल्यावर वन्संच्या मुलाने बर्नर उचलून गाडीत टाकला आणि म्हणाला, "आई, या वयात कशाला हवेत हे उद्योग? टीव्ही बघ." त्याची भीती मला समजते. पण त्या महिन्यांत वन्संची बोटे, जी संधिवाताने वळत नव्हती, ती सळई फिरवून मोकळी झाली होती. दुपारी चार वाजता कुणाच्या फोनची वाट पाहत बसायच्याऐवजी त्या कामाला बसत होत्या. काच ही या भूमीची जुनी कला आहे. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीतल्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीच्या काच फुंकणाऱ्यांचे टाकाऊ तुकडे सापडले आहेत, बेत शआरीममध्ये नऊ टन वजनाची काचेची लादी आजही पाहता येते.  आईचा छंद काढून घेऊ नका. तिला हवा द्या.

शेवटी तेच गणित पुन्हा सांगते, कारण ते काचेपुरते नाही. केरोसीनचा हीटर, कोळशाची शेगडी, बंद बाल्कनीतला गॅस, सगळ्यांना लागू आहे. डोके दुखते तेव्हा गोळी घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. कोणत्या खोलीत दुखते? त्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाचे दुखते का? आणि ज्या दिवशी ज्योत पेटत नाही त्या दिवशी दुखते का? उत्तर संशयाचे आले तर ज्योत बंद, सगळे बाहेर, आणि १०१. हवा खाल्ल्यावर बरे वाटले म्हणून पुन्हा आत जाऊन बसायचे नाही.

वन्सं आता आठवड्यातून दोनदा मतनासमध्ये जातात. तिथल्या हूडसमोर त्यांनी स्वतः उदबत्ती धरून पाहिली. पहिल्या दिवशी धूर परत आला, तर त्यांनी सगळ्यांचे काम थांबवून मागचे दार उघडायला लावले. नातीची माळ पुरी झाली. मेहंदीच्या रात्री तिने ती घातली आणि त्यातला एक मणी थोडा वेडावाकडा आहे म्हणून हसली. तो त्या सोमवारचा मणी होता. वन्संनी तो मुद्दाम मधोमध ओवला आहे.